दोन ठोके

"तू खय बसतलंस?" लवूकाकांनी हळू आवाजात विचारलं.

मी भिंतीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"थय नको. थय पाय जमनीर रवतत. हय बस, माच्यार."

माचा म्हणजे लेथखालचा फळ्यांचा बुटका चौथरा. पावसाळ्यात जमिनीला ओल धरते म्हणून आमच्या कारखान्यातले चारही लेथ एकाच लांब माच्यावर बसवलेले होते. काका नेहमी अनवाणी काम करायचे. माच्याच्या एका टोकाला पाय आपटला की दुसऱ्या टोकाला त्यांच्या तळव्याला कळायचं. मी तिसऱ्या लेथपाशी एक खोकं ओढून बसलो आणि उजव्या पायानं फळीवर एकदा ठोकून बघितलं. काकांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. पोचलं.

ही १९८४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सरकारी प्रशिक्षण केंद्रात लेथवर लाकडाचं कातकाम शिकवायला एक मास्तर हवा होता आणि त्याची परीक्षा आमच्याच कारखान्यात होणार होती, कारण केंद्राचे लेथ अजून यायचे होते. अर्ज तीन आले होते. एक लवू मेस्त्रींचा, एक माझा, आणि तिसरा अर्जदार त्या सकाळी आलाच नाही. काका चोपन्न वर्षांचे, मी सव्वीसचा. कारागिरांना वयाची सवलत होती.

"चार वर्सां माझी," काका आठवडाभर मला सांगत होते. "अठ्ठावन्नाक माका घरी धाडतले. मगे खुर्ची तुझीच. माझ्याशिवाय दुसरो कोण आसा तुका शिकवणारो, आणि तुझ्याशिवाय दुसरो कोण आसा माझ्या मागे?"

यात खोटं काही नव्हतं. शिवणीचं लाकूड कसं ओळखायचं, लाखेची कांडी फिरत्या लाकडावर किती दाबायची, शेवटी केवड्याचं पात धरून झळाळी कशी आणायची, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं. पण मधल्या तीन वर्षांत एक अशी गोष्ट घडली होती, जी कारखान्यात आम्हा दोघांनाच माहीत होती.

काका ठार बहिरे झाले होते.

फुलदाणीचा बाहेरचा आकार देणं हे डोळ्यांचं काम. आतून कोरणं कानांचं. तोंड जेमतेम दोन बोटांचं, त्यातून वाकडं हत्यार आत घालून पोट पोखरायचं. आत दिसत काहीच नाही. लाकूड जाड असतं तोवर घोगरा आवाज येतो. भिंत पातळ होत गेली की आवाज चढतो, आणि काडेपेटीच्या काडीइतकी उरली की बारीक शिटी सुरू होते. तिथं थांबायचं. पुढे गेलात की फुलदाणी फुटली.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या दोन फुलदाण्या एकाच आठवड्यात फुटल्या होत्या. तुकडे त्यांनी भुशाखाली लपवले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना ते मला म्हणाले, "दिगू, माझ्या लेथचो आवाज तुका येता?"

"येता."

"माका येणा नाय." आणि त्यांनी उरलेला चहा संपवला. "कोणाक सांगू नको हां. शेठ माका लाटणी करूक बसयतलो."

आमच्याकडे फुलदाणी कोरणाऱ्याला मेस्त्री म्हणत. पोळपाट-लाटणी करणाऱ्याला नावानंच हाक मारत. तेव्हा त्यांची भीती मला कळली आणि आमचं ठरलं. ते कोरायला लागले की मी माझा लेथ बंद करून काहीतरी घासत बसायचं. आवाज चढायला लागला की एक ठोका: जपून. शिटी लागली की दोन ठोके: बास. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजायचं त्यांना आधीच जमायला लागलं होतं. बहिऱ्या माणसाची नजर किती तिखट होते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांत एकही फुलदाणी फुटली नाही. उलट त्यांचं नाव वाढलं. परीक्षेच्या महिनाभर आधी कोल्हापूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी काकांची फुलदाणी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "मेस्त्री, काय हो ही भिंत! कशी साधता?"

"हातार बसला हा," काका म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघून तरी काय करणार होते? शेठ शेजारीच उभे होते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक वाक्य बसलं: कान माझे आणि नाव यांचं. लेथवर काम करताना ते वाक्य मी मनात घोळवायचो आणि मला बरं वाटायचं. शिवाय माझ्या लग्नाची बोलणी 'मुलाची नोकरी कायमची आहे का' या प्रश्नावर अडली होती. चार वर्षं थांबायला मुलीचा बाप काही तयार होणार नव्हता.

साहेब दहाला आले. पाठक नावाचे मुख्य साहेब, त्यांच्याबरोबर दोघे. नार्वेकर शेठनी त्यांना खुर्च्या दिल्या, शहाळी फोडली. काकांनी पहाटेच ओढ्यावर जाऊन केवड्याची पाती कापून आणली होती, कडेचे काटे काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दोन पाती. एक त्यांचं, एक माझं. आमच्या कारखान्यात परीक्षेच्या किंवा नव्या घडणीच्या वस्तूला पात आपल्या हातानं उचलून लावत नसत. शिकवणाऱ्यानं ते शिकणाऱ्याच्या हातात द्यायचं. काकांचे गुरू तर केव्हाच वारले होते, म्हणून आपलं पात त्यांनी गणपतीच्या तसबिरीखाली ठेवलं होतं.

लाकूड मी निवडलं होतं. शिवणीच्या एकाच खोडाचे दोन ओंडके, दोन वर्षं सावलीत वाळलेले.

"सुरू करा मेस्त्री," पाठक साहेब म्हणाले.

काकांनी बाहेरचा आकार अर्ध्या तासात काढला. उंच मान, खाली भरलेलं पोट, पायाशी एक बारीक कंगोरा. एकही हात फुकट गेला नाही. साहेब खुर्ची सोडून पुढे आले. मग काकांनी वाकडं हत्यार उचललं, पाय फळीवर नीट रोवले आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

कोरणं सुरू झालं. भुसा तोंडातून बाहेर उडत होता. आवाज घोगरा, एकसारखा. बऱ्याच वेळानं तो चढायला लागला. मी एक ठोका दिला. काकांनी हात हलका केला. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

आवाज आणखी चढला. मग शिटी लागली.

माझा पाय उचललेला होता. टाच फळीवर, चवडा वर. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं म्हणून मी घाबरलो. कोणाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. पायाला काही झालं नव्हतं. मी पाय वर धरून बसलो, एवढंच. शिटी मला स्पष्ट ऐकू येत होती आणि मनात मी म्हणत होतो, आज ऐका तुमच्या कानांनी.

काका शांतपणे कोरत राहिले. दुसरा इशारा आला नाही म्हणजे भिंत अजून जाड आहे, असं ते धरून चालले होते. ते माझ्यावर इतके विसंबून होते.

फट्ट झालं. पोटाचा एक तुकडा उडून पत्र्यावर आदळला, दुसरा साहेबांच्या खुर्चीखाली गेला. लेथवर नुसती मान आणि पोटाची फुटकी कड फिरत राहिली. काकांच्या बोटाला खरचटून रक्त आलं. त्यांनी बटण बंद केलं. त्यांनी आधी बघितलं ते फुलदाणीकडे नाही, बोटाकडेही नाही. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

मी चवडा खाली टेकवला.

"अरेरे," पाठक साहेब म्हणाले. त्यांनी तुकडा उचलून उलटसुलट केला. "इतकं सुरेख चाललं होतं. मला वाटतं लाकडातच दोष असणार. चीर असेल आतून. दुसरा ओंडकाही याच खोडाचा ना? मग दोघांचीही परीक्षा पुन्हा घेऊ. पुढच्या महिन्यात, चांगलं लाकूड मागवून. कोणी निवडलं होतं हे?"

"मी," मी म्हणालो.

काका साहेबांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा झाली असती, पुन्हा मी माच्यावर बसलो असतो, आणि त्यांच्या हातांना कोणी नावं ठेवली नसती.

"लाकूड बरा आसा सायबांनू," ते म्हणाले. "पोरग्यान बघून घेतलेला आसा. तेची परीक्षा थांबवू नकात. चूक माझी. माका ऐकाक येणा नाय. तीन वर्सां झाली."

नार्वेकर शेठ उभे होते ते खाली बसले.

"आणि तीन वर्षं कोरत कसे होता?" पाठक साहेबांनी विचारलं.

आता माझं नाव येणार, असं मला वाटलं.

"अंदाजान," काका म्हणाले.

त्यांनी आपली हत्यारं फडक्यात बांधली, लेथवरची फुटकी मान सोडवून पिशवीत टाकली आणि भुसा झाडून माझ्यासाठी जागा साफ करून दिली. माझी परीक्षा झाली. मी चांगलं काम केलं. हात थरथरले नाहीत, याची मला अजून शरम वाटते. शिटी लागल्याबरोबर मी थांबलो. लाख चढवली, तांबडी आणि मानेला हिरवी. मग पात लावायची वेळ आली तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर काका ओलं फडकं उघडून पात हातात घेऊन उभेच होते. बोटाला चिंधी बांधलेली.

"हळू धर," ते म्हणाले. "चकाकी येवंदे. घाय करू नको."

साहेब गेल्यावर मी चपला घालत होतो. काका जवळ आले. माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "खिळो लागलो काय रे?"

मला आधी समजलंच नाही.

"फळयेचो खिळो. थय एक वर इललो आसा, मी शेठीक कितीदा सांगलंय. पाय टेकूक गेलंस नि लागलो, होय ना? म्हणान ठोकूक गावला नाय."

त्यांनी माझ्यासाठी उत्तर आणून ठेवलं होतं. मी ते घेतलं.

"होय काका. खिळो लागलो."

"बघूया."

ते वाकले. मी पाय मागे घेतला. "नको काका, वायच लागला हा."

"वायच कसा? गंजको खिळो तो. आजच इंजेक्शन घे. धनुर्वात व्हता." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाक लावन घेव नको. तुझी चूक नाय."

ते दारात उभे राहून बघत होते, म्हणून मी उजव्या पायानं लंगडत निघालो. वळणापर्यंत लंगडलो. वळणापलीकडे गेल्यावर सरळ चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको आमच्या दारात. काकींनी करंजेलाची बाटली आणि पुडीत हळद आणली होती. "हेंनी धाडल्यानी. पाय दाखव, मी लावन देतंय." मी घाईघाईनं पायाला गुंडाळलेली चिंधी दाखवली आणि म्हणालो, आईनं आताच लावलंय. त्या बाटली ठेवून गेल्या. दोन मैल चालत आल्या होत्या.

तीन आठवड्यांनी माझ्या नावाचं पत्र आलं. शेठनी काकांना लाटणी करायला बसवलं. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मेस्त्री कोणी म्हणत नव्हतं, "लवू, दोन डझन झाली काय?" असं नवं पोरगं विचारत होतं. काकांनी आपलं वाकडं हत्यार माझ्या हातात दिलं. मूठ त्यांच्या हातानं झिजून खोलगट झालेली. "लाटण्याक ह्या लागणा नाय," ते म्हणाले. "पोरांका शिकव." मग विचारलं, "पाय कसो आसा?"

"मधी मधी ठणकता," मी म्हणालो.

असं माझं लंगडणं सुरू राहिलं. चवथीला, दिवाळीला, कधी सहज म्हणून मी त्यांच्याकडे जायचो. मूलबाळ नव्हतं त्यांना. मी फाटकाशी दिसलो की काकी आत चहा टाकायच्या. आणि फाटकाशी आलो की माझा पाय आपोआप ओढायला लागायचा. खिळ्याची जखम काय वर्षानुवर्षं दुखते? पण एकदा बरा झालो असं सांगायचं कसं, हेच मला सुचेना. काका ओट्यावर बसून मी येताना बघत, आणि मी बसलो की विचारत, "पाय कसो?" मी म्हणायचो, "आसा तसोच." सात वर्षं. ते वारले तेव्हा मी खांदा दिला. तेव्हाही लंगडलो, कारण काकी दारात उभ्या होत्या.

बत्तीस वर्षं मी मास्तर होतो. काकांचं हत्यार पोरांच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, डोळे मिटा आणि ऐका. शिटी लागली की थांबा. पोरांना वाटायचं, मास्तर काय बारकाईनं शिकवतात. कितीतरी घरांत आज माझ्या विद्यार्थ्यांच्या फुलदाण्या आहेत. मी मात्र वर्गात कोणी कोरायला बसलं आणि आवाज चढायला लागला की बाहेर जाऊन उभा राहायचो.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, विद्यार्थ्यांनी केलेली एक फुलदाणी मिळाली. भाषणात कोणीतरी मला थोर गुरूंचा थोर शिष्य म्हणालं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, कुठंतरी तोंड लपवावं. मी ठरवलं, आता बास. दुसऱ्या दिवशी ती शाल आणि फुलदाणी घेऊन मी काकींकडे गेलो. लंगडत.

ऐंशीच्या झाल्या होत्या त्या. अंगणात बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. शेजारी औषधाच्या गोळ्यांची डबी होती, आणि ती डबी ज्यात उभी केली होती ती वस्तू मी ओळखली. परीक्षेत फुटलेल्या फुलदाणीची मान. कड घासून गुळगुळीत केलेली, वर लाख चढवलेली.

मी शाल त्यांच्या मांडीवर ठेवली, पाया पडलो आणि बसायच्या आधीच बोललो, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"काकी, एक सांगूचा आसा. त्या दिवशी माका खिळो लागूक नव्हतो. मी मुद्दाम ठोकूक नाय."

त्यांनी हातातली आठळी सोलून पुरी केली.

"ठावक आसा रे," त्या म्हणाल्या.

मी फुलदाणी त्यांच्यापुढे ठेवली.

"खिळो लागलो तो उजव्या पायाक. चिंधी पण तू उजव्याकच बांधलली, मी बघितलंय. त्याच वर्सा चवथीक इलंस तो डाव्यान लंगडत इलंस." त्या हसायला लागल्या. तोंडात दात नव्हते. "हे ओट्यार बसलले. तू गेल्यावर माका हाक मारल्यानी. म्हणाले, 'आयकलंस काय गो, दिगूचो पाय बदललो.' इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतसून पाणी इला. मगे डोळे पुसल्यानी."

"आणि मगे?"

"मगे दर खेपेक बघत. आज खयचो पाय ता. तू येवच्या आधी आमची पैज लागा. मी म्हणय उजवो, हे म्हणत डावो."

मी खाली बसलो. सात वर्षं ते ओट्यावरून माझे पाय बघत होते.

"काकी, माका विचारूक कित्या नाय कोणी?"

"मी म्हटलंय हेंका, विचारा तरी तेका एकदा. रागावले माझ्यार. म्हणाले, 'विचारू नको. विचारलंस तर तो पुन्हा येवचो नाय. पोरगो येता, बसता, चाय घेता. लंगडता तर लंगडूंदे.'" त्यांनी सोललेल्या आठळ्या माझ्यापुढे सरकवल्या. "घे, भाजून खा घराक. आणि आता सरळ चाल बाबा. कंबर मोडात ह्या वयात."

मी चहा घेतला. निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. "येत रव हां दिगू," म्हणाल्या. "हे नाय तरी मी आसंय." मी हो म्हणालो आणि सरळ चालत गेलो. पाठीवर त्यांची नजर कळत होती.

त्याला दोन वर्षं झाली. काकी अजून आहेत. बाजारात कोणी त्यांच्या वाडीतलं भेटलं की निरोप मिळतो, काकी विचारत होत्या, दिगू खय दिसणा नाय. माझ्या घरापासून त्यांचं घर दोन मैलांवर आहे. मी बऱ्याचदा निघतो. वळणापर्यंत जातो, तिथून त्यांचं फाटक दिसतं, आणि परत येतो.

काकांनी सांगितलं होतं तसंच झालं. मी पुन्हा गेलो नाही.